बरं आहे म्हणू नका

अलेक्झांड्रिया,
११ ऑक्टोबर १९९२

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

बाबांचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं. ते आमच्याच अतिदक्षता विभागात आहेत. नर्सला आपल्याच माणसाची खाट देत नाहीत, म्हणून माझी मैत्रीण इन्साफ त्यांचं पाहते आणि मी उगाच तिथून ये-जा करते.

एक मात्र कळत नाही. भेटायला कोणी आलं की बाबा मेलो, संपलो, असा गळा काढतात. काल नफीसा आत्या आली तेव्हा इन्साफ सुई घेऊन धावली. आत्याची पाठ वळताच यांनी चहा मागितला आणि मला डोळा मारला. आई, छातीत नळ्या घातलेल्या माणसाचं दुखणं आम्हाला खरं कळायला हवं. तू काही शिकवून पाठवलंयस का?

काळजी करू नकोस, रागावलीस तर चालेल.
तुझी,
इन्शिराह

मु. रशीद,
१३ ऑक्टोबर

चि. इन्शिराह हिस,
अ. उ. आ.

हो, मीच शिकवलं. कोणी विचारलं तरी बरं आहे म्हणू नका, असं बजावूनच गाडीत बसवलं. नवी होडी बांधून झाली की तुझे बाबा स्वतःच तिच्या एका कडेला डांबर फासतात, कोणाच्या डोळ्यात भरू नये म्हणून. मग दुरुस्त केलेलं हृदय असंच उघडं ठेवायचं? त्यात नफीसाची नजर! आपल्या पेरूच्या झाडाचं तिने एकदाच कौतुक केलं, ते उन्हाळ्यात वाळलं. तुमच्याकडे नजरेवर सुई असेल तर कळव.

मीच आले असते, पण बदकं कोणावर सोडू?

तुला माया आणि त्यांना ताकीद.
तुझी आई

अलेक्झांड्रिया,
१६ ऑक्टोबर

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

आधीच सांगते, बाबा सुखरूप आहेत आणि डॉक्टरांवर खेकसतायत. आता खाली बस आणि वाच.

परवा दुपारी आत्या भात भरून भाजलेली कबुतरं घेऊन आली. बाबा विव्हळले नाहीत. तिने विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, छान आहे, देवाची कृपा. इन्साफला वाटलं, म्हातारा सुधारला. मला मात्र ते पटेना. जवळ जाऊन पाहिलं, तर छातीतल्या नळीतून रक्त येणं थांबलं होतं, मानेच्या शिरा टरारल्या होत्या, रक्तदाब उतरत होता. रक्त बाहेर न येता हृदयाभोवती साचून त्यालाच आवळत होतं. मी ओरडून सर्जनना बोलावलं. खाट ढकलतच थिएटर गाठलं आणि छाती पुन्हा उघडावी लागली. दाराबाहेर आत्या माझा हात धरून शपथा घेत होती की तिने बाबांकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

आज त्यांना विचारलं, तेव्हा गप्प का राहिलात? म्हणाले, तेव्हा खरंच दुखत होतं. तू समोर उभी होतीस, तुला घाबरवून काय करू?

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हे त्यांना कळवू नकोस.
तुझी,
इन्शिराह

मु. रशीद,
१७ ऑक्टोबर

चि. इन्शिराह हिस,
अ. उ. आ.

आधी रडले, मग त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. खोटं दुखलं की गल्ली गोळा करायची आणि खरं दुखलं की मूग गिळून बसायचं! नफीसाला माझा सलाम सांग. तिने विचारलं म्हणून तुला कळलं. एवढं शेवटचं तिला सांगू नकोस.

बदकं शेजारणीच्या गळ्यात घातली आहेत. परवा सकाळच्या गाडीने निघते. तुमच्याकडचे जिने हिला कसे झेपणार, असं ते विचारतील. माझे गुडघे अगदी छान आहेत म्हणून सांग.

तुम्हा दोघांवर रागावलेली,
तुझी आई