नाका ते कुंभवली

६ जानेवारी
साहेब येणार! सोमवारी. सायकल ट्रॅक बघायला. समुद्रापासून नाक्यापर्यंतचा तुकडा सरकारी निधीतून झाला, तो बघून पुढच्याचा निधी ठरणार — नाका ते कुंभवली. मला तोच हवाय. जागृती त्याच रस्त्याने कारखान्यात जाते, सायकलवर, टँकरांच्या कडेकडेने. तिचे बाबा त्याच रस्त्यावर टँकरखाली गेले. पोरगी घरी आली की मगच माझ्या घशाखाली घास उतरतो.

११ जानेवारी
सगळ्या बायका लागलो कामाला. ट्रॅकवर सुकत घातलेला जवळा उचलला, पाणी मारलं, रांगोळी घातली. शेजारच्या गोदूबाईने दोन्ही टोकांना दोरी बांधली. "साहेबांचा पाय लागल्याशिवाय कोनी चाक घालायचा नाय!" शाळेच्या पोरी रोज इथूनच जातात. त्यांनाही सांगितलं, उद्यापुरतं रस्त्याने जा. काय देखणा दिसतोय ट्रॅक!

१२ जानेवारी
साहेब आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, फोटो काढले. "छान ठेवलाय. पण सायकली कुठे आहेत?"
गोदूबाई हात जोडून म्हणाली, "तुमच्यासाठी मोकला ठेवला, साहेब."
ते हसले. मीही हसले.

२० जानेवारी
काहीच कळलं नाही अजून.

२ फेब्रुवारी
सरपंचांना फोन आला. ट्रॅकचा वापर दिसला नाही, म्हणून पुढचा निधी दुसऱ्या गावाला! वापर नाही? रोजच्या सायकली आम्हीच अडवल्या — मान द्यायला म्हणून!
गोदूबाई ओटीवर बसून रडली. "जमने, दोरी मी बांदली गो." म्हटलं, दुसरं टोक माझ्याच हातात होतं ना.
सरपंच म्हणतात, पुढच्या वर्षी परत मागू. तोवर जागृतीने काय उडत जायचं?

३ फेब्रुवारी
तिला म्हटलं, सोड ते काम. "सोडून खायचा काय, आये?" बापासारखीच बोलते. आधी राग आला, मग रडू.

९ फेब्रुवारी
जागृतीच्या बाबांची सायकल पडवीतून काढली. हवा भरून आणली. संध्याकाळी ट्रॅकवर गेले — शिकायला! या वयात! आजवर त्यांच्या मागे कॅरियरवर बसले, हँडल कधी धरलं नाही. मधली दांडी आडवी येते. धपकन पडले. शाळेच्या पोरी खिदळल्या, मग त्यांनीच येऊन मागून सीट धरली. त्यांना म्हटलं, आमच्या जागृतीला सांगू नका हां.

२३ फेब्रुवारी
गुडघे सोलले. पण तोल जमला.

२ मार्च
आज तिच्याबरोबर निघाले, पार कुंभवलीपर्यंत. "आये, मागे ऱ्हा! मागे ऱ्हा!" ओरडत होती. मी कुठली ऐकते! टँकरच्या अंगाला मी, आतल्या अंगाला ती. आता रोज अशाच जाणार.