खुंट्याला गुंडाळलेली चिंधी

प्रिय इंदू,

सहा वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आज लिहितोय, कारण दुपारी आपला ट्रक वाटेवरच्या, पावसाच्या पाण्याने भरल्या व्हाळातून पलीकडे गेला. हे तुला सांगितल्याशिवाय घास घशाखाली उतरेना.

ते मोठे टायर आठवतात? बांद्याहून आणलेले, लष्कराच्या जुन्या गाडीचे? चिरे वाहणारी आपली गाडी चिखलात रुतू नये म्हणून हौसेने चढवले, आणि पहिल्याच वळणावर मडगार्डाला घासून जळका वास सुटला. मी वैतागून ते काढले आणि पडवीत टाकले. तू तिथेच नाचणी दळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "जातां घट्ट बसलां की आमी मधल्या खुंट्याक चिंधी गुंडाळून वरचो दगड उचलतंव. तुमी गाडी उचला."

मी हसलो. चार माणसांत सांगूनही हसलो, की आमच्या बायकोला ट्रक आणि जातं एकच वाटतं. तूही हसलीस, पण मग गाडीबद्दल पुन्हा कधी काही सुचवलं नाहीस.

गेल्या श्रावणात तुला कळा लागल्या. पहाटेपासून दुखत होतं, तर दुपारपर्यंत गप्प का राहिलीस गो? भाकऱ्या व्हायच्या होत्या म्हणून? मालवणच्या दवाखान्यात न्यायला निघालो आणि व्हाळात गाडी एक्सलपर्यंत रुतली. आणि मोठे टायर पडवीत! चौघांनी तुला खुर्चीवर उचललं. तू मागे वळून म्हणालीस, "गाडी र्‍हवांदे. तुमी माझ्यावांगडा चला."

मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, गाडी काढून गाठतोच. कसली गाठतोय! मी चाकाखाली दगड सारत बसलो आणि तू वाटेतच गेलीस, पोटातल्या बाळाला घेऊन. इंदू, त्या लोखंडात माझं काय अडकलं होतं?

कितीतरी महिने मी त्या टायरांकडे पाहिलं नाही. मग यंदा पाऊस लागल्यावर एकदा जात्यापुढे बसलो, वरचा दगड काढला. खुंट्यावर तुझ्या निळ्या लुगड्याची चिंधी होती. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून लोखंडी ठोकळे करून आणले, स्प्रिंगचे पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये घातले, लांब बोल्टांनी आवळले आणि ते मोठे टायर पुन्हा चढवले. गाडी चार बोटं उचलली गेली. तू सांगितलंस तेवढंच केलं, दुसरं काही नाही.

रिकामी गाडी घासत नव्हती, पण भरल्यावर काय होईल? पावसामुळे खाण बंद, चिरे नाहीत. मग वाडीतली माणसंच हौद्यात बसवली. तुला उचलणारे चौघेही होते, खाली मान घालून. मडगार्डाच्या आत ओला चुना फासला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी खड्ड्यांतून फिरवली. पहिल्यांदा डाव्या टायरला चुना लागला. ठोकळा आणखी बोटभर जाड केला. दुसऱ्यांदा टायर काळाच्या काळा राहिला. सगळे खूश झाले. मी माडामागे जाऊन रडलो.

आज शेजारच्या बापूंच्या सुनेला कळा लागल्या. व्हाळ तसाच होता, आणि गाडी कुठे घासली नाही की थांबली नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बापूंनी माझे हात धरले. खरं सांगू? आनंद मागून झाला, आधी राग आला. हिला मिळालं ते तुला का नाही?

त्या चिंधीला मी हात लावणार नाही. कोणाच्याही घरून हाक आली तर गाडी काढीन. आणि ती पुन्हा कुठे रुतलीच, तर तिथेच सोडून माणसाच्या खुर्चीबरोबर चालत जाईन. हा शब्द तुला द्यायला एक वर्ष उशीर झाला.

ज्याचं नाव तू फक्त उखाण्यात घेतलंस, तो तुझा
वसंत