निळा पुठ्ठा, गुलाबी पुठ्ठा

॥ श्री ॥

गोळीबार चौक, नागपूर
गुरुवार, ११ जानेवारी १९७९

चि. गिरिधर यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते, पण दोन ओळी लिहून कागद चुरगळला. काल पुन्हा तेच. आज मात्र पत्र पेटीत टाकूनच घरी जायचं असं ठरवलंय, म्हणून आपल्या विणकर संस्थेच्या गोदामातच लिहिते आहे. सुताच्या गाठोड्यावर कागद ठेवलाय, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

घरी सगळे बरे आहेत. मायचे गुडघे थंडीनं धरलेत, तरी रविवारच्या संक्रांतीसाठी तिनं तीळ भाजून ठेवले. बाबांचा खोकला कमी आहे. संध्याकाळी चौकात जाऊन बसतात आणि भेटेल त्याला सांगतात, "आमचा गिरधर पुन्याले ट्रेनिंगले गेला, आता उमरेडच्या सेंटरचा सायेब होऊन येते." ज्यांनी चारदा ऐकलंय तेही बिचारे पाचव्यांदा ऐकून घेतात. भिवापूरहून अरुंधतीच्या वडिलांनी होणाऱ्या जावयासाठी म्हणून मिरच्यांचं पोतं आणून दिलं. जावई पुण्यात आणि ठसका आम्हाला! देठं खुडून माझे हात अजून भगभगतात.

अरुंधतीही आली होती. मला बाजूला घेऊन हळूच विचारत होती, "ताई, त्यायले तिखट चालते ना वं?" गोड मुलगी आहे रे. मी हो म्हटलं, पण तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. का, ते लिहायचंच आहे.

तू लिहिलंस की तिकडे तुला झोप लागत नाही. "दोन विणकर भांडले तर तुम्ही काय निर्णय घ्याल" असं सर वर्गात विचारतात आणि तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. वाचून मला आधी हसू आलं. मग हसू गेलं. गेल्या वर्षी रुखमाबाई खराब सूत बदलून मागायला आली, तिनं डोळ्याला पदर लावला आणि तू मला न विचारता तिला नवं सूत देऊन मोकळा झालास. सूत खराब नव्हतंच, तिच्या घरी भिजलं होतं. मी ओरडले तर म्हणालास, "ताई, ते रडून राहिली होती ना." हा तुझा स्वभाव. मला तो आवडतो. पण तुझ्या कागदावर तो नाही.

त्या कागदाचंच सांगते. दिवाळीनंतर संस्थेनं उमरेडच्या केंद्रासाठी माणूस निवडायला ती स्वभावाची परीक्षा ठेवली होती. कॉलेजातले सर सुरुवातीलाच म्हणाले होते, "यात बरोबर-चूक काही नाही, मनाला येईल त्यावर खूण करा." तू मात्र सायकल पंक्चर झाली म्हणून उशिरा आलास आणि धापा टाकत माझ्या शेजारी बसलास. सरांचं ते वाक्य तू ऐकलंच नाहीस. परीक्षा म्हटली की तुझी मान आपोआप माझ्याकडे वळते, ही शाळेपासूनची सवय. आणि माझा कागद आपोआप तुझ्याकडे सरकतो, ही माझी. बाहेर आल्यावर पायरीवर तू विचारलंस, "ताई, न्याय की दया होतं ना, त्याच्यात न्यायच बरोबर ना वं?" मी पोट धरून हसले. अरे, स्वभावाची परीक्षा कुणी कॉपी करून देतं का? तुला तोवर कळलंच नव्हतं की ही तसली परीक्षा नव्हे. तू कान पकडलेस, मी टपली मारली, आणि आपण चिवडा खायला गेलो.

निकाल लागला तेव्हा मात्र हसायला आलं नाही. तू विचारप्रधान, निर्णय घेणारा, माणसं सांभाळण्यास योग्य. मी भावनाप्रधान, सेवाभावी, बालवाडी किंवा शिवणवर्गास योग्य. उत्तरं तीच, खुणा त्याच. तू स्टेशनवर गाडीत बसलास तेव्हा खिडकीतून माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच दुसरीकडे पाहिलंस. मी डबा दिला, गाडी हलली.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर नाही, गिरी. सूत मोजायला घेते आणि विसरते. स्वयंपाकात मीठ दोनदा पडतं. माय म्हणते, "तुह्या डोक्याले भिंगरी लागली का वं?" खरंच लागली होती. शेवटी गेल्या आठवड्यात मी त्या सरांकडे कॉलेजात गेले.

माणूस वाईट नाही. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. निकाल असा का आला विचारल्यावर त्यांना उलट आनंदच झाला, आणि त्यांनी कपाटातून दोन पुठ्ठे काढून दाखवले. काठाच्या नक्षीसाठी बाबा मागावर चढवतात ना, तसेच भोकांचे पुठ्ठे. एक निळा, पुरुषांचा. एक गुलाबी, बायकांचा. उत्तरांच्या कागदावर पुठ्ठा ठेवायचा आणि भोकातून दिसतील तेवढ्याच खुणा मोजायच्या. निळ्याला जिथे भोक होतं तिथे गुलाबीला बऱ्याच ठिकाणी कोरा पुठ्ठा. मी एका जागी बोट ठेवलं. "कुणी रडताना दिसलं तर तुम्ही आधी कारण विचारता का?" पुरुष हो म्हणाला तर तो विचार. बाई हो म्हणाली तर ती माया.

मी म्हटलं, "सर, बाईनंही विचार करूनच विचारलं असेल तर?"

ते म्हणाले, "बायकांचा मूळ पिंडच मायेचा, म्हणून ही वेगळी तजवीज. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच."

"आणि एकाच माणसाची उत्तरं दोन्ही पुठ्ठ्यांखाली घातली तर?"

ते मनमोकळे हसले. "असं कसं होईल? माणूस एक तर पुरुष असेल, नाहीतर बाई."

मी चहा संपवला आणि निघाले. रस्त्यात मला राग आला. इतका की सायकल हातात धरून चालत घरी आले. पुठ्ठा बदलला की काठ बदलतो, हे विणकराच्या पोरीला कुणी शिकवायला नको. पण माझं सगळं वय या गोदामात गेलं, गिरी. कोणतं सूत कोणाला, कोणाचं भांडण कशावरून, कोण खरं रडतो आणि कोण नाटक करतो, हे मी रोज ठरवते. उमरेडचं केंद्र मला हवं होतं. तुझ्यासाठी नाही, घरासाठी नाही, मला हवं होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोलले नव्हते, मायपुढेसुद्धा.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मंगळवारी मी नानाजींना सगळं सांगितलं. संस्थेचे सेक्रेटरी म्हणून सांगितलं, घरचे म्हणून नाही. पायरीवरचं तुझं बोलणंसुद्धा.

त्यांनी उठून पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "पोरी, तू खोटं नाही बोलून राहिली, मले मालूम आहे. पन कमिटीले माह्या मालूम असन्यानं काय होते? मी गिरधरले पत्र लिहून विचारतो, तुह्या कागदावरून उतरवलं का म्हनून. तो हो म्हनन तर दोघायचे कागद मी कमिटीपुढे जोडून ठेवतो, अन् म्हनतो का हे परीक्षाच रद्द करा, कामावरून मानूस निवडा. पन त्याचं ट्रेनिंग गेलं समज. अन् नाही म्हनन तर तू खोटी पडशीन. मंग या गोदामात तरी तुले कोन ठेवन?"

मी म्हटलं, "लिहा."

काल मायला सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली. "भावाच्या ताटातलं काहून ओढून राहिली वं?" मी म्हटलं, "ताट त्याचं आहे माय, पण वाढलेलं माझं आहे." ती माझ्याशी अजून बोलत नाही. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. अरुंधतीच्या घरी हे कळलं तर काय होईल, तेही मला दिसतं. मी डोळे मिटून काही केलेलं नाही. रडले मात्र खूप. विचारही खूप केला. पुठ्ठ्यानं यातलं काय मोजायचं ते मोजावं.

तुला आधी विचारलं नाही, ही तुझी तक्रार असेल आणि ती रास्त आहे. पण विचारलं असतं तर तू रडला असतास आणि मी गप्प बसले असते. आजवर तसंच होत आलं. तुझा राग नाही, बाळा. तू हो म्हणालास तरी तू माझाच आहेस. नाही म्हणालास तरी संक्रांतीचा तीळगूळ तुझ्या वाट्याचा बाजूला काढलेला राहील. फक्त मग तो माझ्या हातून तुला खायला घालता येईल का, ते मला ठाऊक नाही.

नानाजींचं पत्र बहुधा याच टपालानं येईल. प्रश्न एकच आहे, उत्तरं दोनच. हो, किंवा नाही. या वेळी कुणी पुठ्ठा ठेवणार नाही. आणि या वेळी शेजारी माझा कागदही नाही, गिरी. मान वळवू नकोस. स्वतःची खूण कर.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
तुझी ताई
पुष्पलता