मोटरवेच्या मधलं घर

तीर्थरूप आये,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

फोनवर तू रडायला लागतेस आणि मला काही सुचत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. बाबा गेल्याचं कळल्यावर मालक सुट्टी देत होता, पण तूच म्हणालीस, पोचेपर्यंत सगळं आटोपेल, येऊ नको. मग खोलीत बसून काय करू? लॉरी घेऊन निघालो.

वाटेत काय दिसतं, असं विचारलं होतंस. विजेच्या कारखान्याचे भलेमोठे गोल मनोरे दिसतात, त्यांतून पांढरी वाफ निघते. मग डोंगर आणि मेंढरं. लीड्सहून मँचेस्टरला जाताना मोटरवेच्या मधोमध शेतकऱ्याचं एक जुनं घर आहे. जाणारा रस्ता त्याच्या एका अंगाने, येणारा दुसऱ्या अंगाने. बाबांना मी फोटो पाठवला, तर म्हणाले, "तो थयलो राखणदार रे. हॉर्न दिल्याशिवाय फुडे जाव नको." खाणीचा ट्रक नेताना तेही वाटेवरच्या राखणदार देवाच्या घुमटीपाशी हॉर्न द्यायचे. तेव्हापासून मीही त्या घरापाशी हलकेच देत होतो.

आता देत नाही. सुतकात देवाला हात कसा जोडणार? घर येतं, मागे पडतं. मला अजून रडू आलेलं नाही.

शेजारची सेजल रात्री सोबतीला येते ना? काजूच्या बागेत एकटी जाऊ नको.

आणि भटजींना विचार, इतक्या लांबच्या मुलाचं सुतक कधी फिटतं? तोवर मी त्या घरावरून मुकाट्याने जातो.

तुझाच,
गौरेश