येते म्हणून गेलेली

३ सप्टेंबर

‘नव्या माणसाला आधी मोरी दाखवावी, मग घर.’ आत्या म्हणाली होती, मी लग्न होऊन निघाले तेव्हा. उपदेश नव्हता तो. स्वतःचा सासरचा पहिला दिवस आठवून हसत होती.

आज ते वाक्य कामी आलं. परदेशातून आलेल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने एक जुना विद्यार्थी जोडून दिलाय. माझ्या वाट्याला आपल्याच भाषेतली एक मुलगी आली. कागदावर पहिलं काम – ग्रंथालय दाखवणे. मी आधी स्वच्छतागृह दाखवलं. ती पळतच आत गेली.

कागदावर मी तिची ‘समवयस्क मार्गदर्शक’. समवयस्क! मी सेहेचाळीस, ती बावीस. काकू म्हणू का, तिने विचारलं. माझा चेहरा पाहून लगेच ‘ताई’वर आली. तिथेच तह झाला.

८ सप्टेंबर

किल्ली खोलीत, दार बंद, ती बाहेर. आठवड्यात दुसऱ्यांदा. मी तिचं नाव ‘लगबग’ ठेवलंय – फक्त इथे, वहीत.

२१ सप्टेंबर

मी जुन्या कापडांची डागडुजी शिकते. दिवसभरात बोटभर काम होतं. लगबग एक वाक्य पुरं होईपर्यंत जिना उतरलेली असते. तरी आमचं जमतं.

ती मातीचा अभ्यास करते. लहानपणी आई ओरडायची, मातीत खेळू नकोस म्हणून. आता त्याचीच पदवी घेतेय म्हणाली, आणि नखं दाखवली.

आज मात्र जिन्यात बसून राहिली. दाढीवाले प्राध्यापक प्रयोगशाळेत यंदा एकच विद्यार्थी घेणार आहेत. ती जागा मिळाली तर तिचं संशोधन सुरू होईल. नाही मिळाली तर उन्हाळ्यात गाशा गुंडाळायचा. घरी जायचं वाईट वाटत नाही, म्हणाली.

‘पण ताई, लोक मला “आली” नाही म्हणणार. “परत आली” म्हणणार.’

५ ऑक्टोबर

मुलाखत झाली. छान झाली म्हणे. दाढीवाले दोनदा हसले!

६ ऑक्टोबर

प्राध्यापकांचा निरोप आला – शब्द देऊन जी परत येत नाही, तिच्या हाती मी प्रयोगशाळा कशी सोपवू?

लगबग माझ्या खोलीत येऊन रडली. कुठला शब्द, हेच तिला कळत नव्हतं. मी तिला मुलाखत पहिल्यापासून सांगायला लावली. काय विचारलं, काय उत्तर दिलं. सगळं ठीक. मग शेवटी काय झालं?

‘काही नाही. उठले, पिशवी घेतली, येतेच म्हटलं आणि निघाले.’

‘कुठल्या भाषेत?’

‘इथल्याच.’

मला हसू फुटलं. दाबायला गेले तर आणखी फुटलं. बिचारे दाढीवाले! ही काहीतरी आणायला गेली असं समजून दार उघडं ठेवून बसले असतील. पुढच्या मुलालाही ताटकळत ठेवलं असेल.

‘अगं बाई, तू त्यांना “येते” म्हणालीस!’

‘मग काय “जाते” म्हणू? आई कान उपटेल.’

मग तिलाही उमगलं. पण ती हसली नाही. माझंही हसू गेलं.

७ ऑक्टोबर

वाटलं होतं, आपणच जाऊन दाढीवाल्यांना समजावून सांगावं. निघालेही होते. अर्ध्या वाटेतून वळले. आज मी बोलले असते तर पुढच्या वेळी तिने पुन्हा माझीच वाट पाहिली असती. दुपारी कपडे धुण्याच्या खोलीत तालीम केली. यंत्रं घरघरत होती, मी दाढीवाली झाले होते. ती म्हणे, ताई, तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त भीतिदायक आहात.

९ ऑक्टोबर

जाऊन आली. त्यांना सांगितलं – आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. जाणारा कायमचा जाऊ नये म्हणून ‘येते’ म्हणतात. ते म्हणाले, आमच्या घरात निघताना कुणी काहीच म्हणत नाही, दार वाजलं की समजायचं.

आणि मग – ‘सोमवारी ये. या वेळी खरंच ये.’

जागा मिळाली!! मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या स्वतःच्या निकालालाही तू इतकी ओरडली नव्हतीस.

११ नोव्हेंबर

ताप. लगबग उशाशी बसून मातीवरचा लेख मोठ्याने वाचत होती. काही कळलं नाही. फार बरं वाटलं. जाताना म्हणाली, ‘औषध घे गं ताई.’ अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघींनाही कळलं नाही.

४ डिसेंबर

दाढीवाल्यांनी तिला डोंगराकडच्या केंद्रावर बोलावलंय. वर्षभर. तिथली माती कुणीच नीट तपासलेली नाही म्हणे. नाहीही म्हणता येईल, जागा जाणार नाही. इथेच राहून दुसरं काम मिळेल.

‘जाऊ?’ तिने विचारलं.

मार्गदर्शकाने काय म्हणावं, ते मी म्हटलं. विचारतेस काय, जा. चांगले बूट घे. चेहराही व्यवस्थित ठेवला. ती नाचत गेली.

१८ डिसेंबर

खोली आवरत होते. दोनदा आवरली.

१९ डिसेंबर

ती अकरा वाजता निरोप घ्यायला येईल. मी तिला म्हणणार आहे, नको जाऊस. का, तर माझ्यासाठी. हे मी आजवर नवऱ्याला म्हटलेलं नाही, लेकीलाही नाही. नाहीच म्हणेल ती, आणि तेच बरोबर आहे. तरी विचारणार आहे.