छत्तीस गुणांचा कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद मागे राहिली पाहिजे.

काम असं. मुलगी दिपमाला आठ महिन्यांपासून शिरपूरहून माहेरपणाला आली आहे. नाशिकच्या एका ऑफिसने तिला घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची नोकरी देऊ केली आहे. अट एकच. २४ तारखेला सकाळी दहाला स्वतःच्या कॉम्प्युटरवर चाचणी द्यायची. कॉम्प्युटर नाही तर नोकरी नाही. हे तिने मला तीनदा सांगितलं. मी काही बहिरा नाही.

त्यासाठी तिने हातातल्या पाटल्या मोडल्या. ऑफिसने पार्टची यादी दिली आहे. तिची डिप्लोमाची मैत्रीण हुमा हिचं जळगावला कॉम्प्युटरचं दुकान आहे. यादी दिली की ती अर्ध्या दिवसात मशीन जोडून देते म्हणे.

मी म्हटलं, थांब. पार्ट एकमेकांना जुळले पाहिजेत, एवढंच ना? धरणगावात बावीस वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवतोय. एकशे चौदा लग्नं जुळवली. जुळणी कशाला म्हणतात ते मला दुकानदारांनी शिकवायचं? यादी आणि पैसे दोन्ही ताब्यात घेतले.

दिपमाला उठून आत गेली. आनंद झाला असणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

जळगाव. हुमाचं दुकान. गल्ल्यावर तिचे वडील युसूफभाई. भला माणूस. मी प्रत्येक प्रश्न त्यांनाच विचारला. त्यांनी प्रत्येक प्रश्न हुमाकडे ढकलला. नाना, यातलं आपल्याला काही समजत नाही, पोरगीच बघते, असं हसत सांगत होते. बापाने असं कबूल करू नये.

हुमाचं म्हणणं, काका, आधी प्रोसेसर ठरतो, मग त्याला चालणारा बोर्ड, मग बोर्डाला चालणारी रॅम. कॅबिनेट, म्हणजे वरचा डबा, सगळ्यात शेवटी.

अगदी उलटं. आधी घराणं बघतात, मग मुलगा. कॅबिनेट म्हणजे घराणं. एका बाजूला काच, समोर तीन पंखे, तिन्हींत रंगीत लाइट. घेऊन टाकलं. हुमा तीस वर्षांची, अजून लग्न नाही. तिला जुळणीतलं काय कळणार.

एसटीत कॅबिनेट सीटवर ठेवलं. मी उभा आलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३

पार्टच्या खोक्यावर जे छापलेलं असतं तो त्याचा बायोडाटा. आज मोबाइलवर सगळे बायोडाटे वाचले. सोपं आहे.

निरीक्षण: यातही दोन घराणी आहेत. एक लाल कंपनी, एक निळी कंपनी. लाल कंपनीचा प्रोसेसर निळ्या कंपनीच्या बोर्डावर बसत नाही म्हणे. जातपात! दोन हजार पंचवीस साली! मी जातीबाहेरचं स्थळ फाइलला लावत नाही, पण ते समाजासाठी. यंत्राला कसली आली जात?

यादीतला प्रोसेसर लाल कंपनीचा आहे. मंजूर. बोर्ड मात्र फोटोत अगदी काटकुळा दिसतो. नामंजूर.

संकल्प: रोज वीस तांत्रिक शब्द पाठ करायचे. उद्यापासून.

८ नोव्हेंबर, शनिवार

शब्द राहिले. सावद्याहून केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल जळगावहून प्रोसेसर आणला. हुमाने बोर्डाचा नंबर विचारला. म्हटलं, ती घरची बाब आहे. तिने सांगितलं की सील फोडलं नाही तर वीस तारखेपर्यंत परत घेईन. कशाला परत?

आज धुळ्याला जाऊन बोर्ड आणला. विकणारा स्वप्नील म्हणून इंजिनिअर. बोर्ड वापरलेला, पण वर्षभरच. निळ्या कंपनीचा. रुंद बांधा, सोनेरी कडा. बघताक्षणी पसंत.

स्वप्नीलने प्रोसेसर कोणता ते विचारलं. सांगितलं. तर म्हणतो कसा, काका मग हा बोर्ड नका घेऊ, बसणारच नाही. स्वतःचा माल घेऊ नका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. भाव वाढवायची युक्ती, लगेच ओळखलं. सांगितलेल्या किमतीत पटकन उचलला.

घरी आल्यावर बायकोने, कमलबाईने तोंड सोडलं. पोरनं काम शे, पोरले करू द्या, तुम्ही कसाले मझार पडतस, म्हणे. मी मध्ये पडतो? तिला बोर्ड दाखवला. तिने बघितला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिपमालाने प्रोसेसरचं सीलबंद खोकं आणि बोर्ड शेजारी शेजारी ठेवून, मोबाइलवर प्रोसेसरचा फोटो दाखवत मला समजावलं. हळू आवाजात. प्रोसेसरला खालून पिना आहेत, आणि बोर्डाच्या सॉकेटमध्येही पिनाच आहेत. पिनेवर पिन कशी बसेल, नाना?

मी म्हटलं, दोघंही तिखट असले की सुरुवातीला टोचतंच. सहवासाने सुटतं.

तिने बोर्ड खाली ठेवला. मग म्हणाली, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मी फोन केला होता, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.

शब्द न् शब्द लक्षात ठेवलाय पोरीने. बरं वाटलं.

तिला दोन्ही वस्तू परत करायच्या होत्या. सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली बंडीच्या खिशात. ऐन वेळी मुलीकडचे कच खातात, हा अनुभव आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

ऑनलाइन मागवलेले बाकीचे पार्ट आले, रॅमसुद्धा. यादीत जुन्या पिढीची होती, मी नव्या पिढीची घेतली. येणारी एक पाऊल पुढे असावी.

बोर्डात बसेना. पट्टीला खालून एक खाच असते, ती सुमारे दोन सूत इकडे आहे. दोन सूत! एवढ्यासाठी स्थळ मोडायचं? मोतीराम सुताराची कानस आणली. तास घातला. खाच सरकली.

हे मला नवीन नाही. दिपमालाच्या वेळी पत्रिका सतरा गुणांवर अडली होती, वर मुलाला कडक मंगळ. घर चांगलं, शिरपूरला दोन मजली, दारात ट्रॅक्टर. मी पोरीची जन्मवेळ चाळीस मिनिटं पुढे सरकवली. एकतीस गुण! मंगळालाही तोड निघाली. पंगती उठल्या, वरात गेली, कुणाला पत्ता नाही. कमलबाईलासुद्धा नाही. यालाच हातोटी म्हणतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शिरपूरला जाऊन आलो. घरात सांगितलं, बँकेत काम आहे.

जावई नवलराव भेटले. तापट आहेत, पण मन साफ. हात दोनदाच उचलला, असं ते स्वतःहून म्हणाले. दिपमाला म्हणते, मोजायचं सोडून दिलं. मी मधला आकडा धरला.

योजना अशी. रविवारी २३ तारखेला सकाळी १०.४० चा मुहूर्त. कॉम्प्युटरचं बटण नवलरावांच्या हस्ते. दिपमाला खूश होईल, राग जाईल, मशीन घेऊन दोघं शिरपूरला. नकाशे काय, तिथूनही काढता येतात. एकाच मुहूर्तावर दोन जुळण्या.

तिला आत्ता सांगत नाही. आनंदाचा धक्का.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्रोसेसर परत करायचा आज शेवटचा दिवस, असं दिपमालाने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सांगितलं. तिसऱ्या वेळी रडली. मी सील फोडून दाखवलं. आता प्रश्नच मिटला.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.३०

जुळणी संपन्न!

बोर्डाच्या सॉकेटमध्ये धूळ होती, टूथब्रशने घासली. वर प्रोसेसर ठेवला. डगमगत होता. त्याच्यावरची लोखंडी चौकट बंद होईना. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट्‌ असा आवाज झाला. बसला एकदाचा. रॅमला हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकलं.

स्वतःच छत्तीस गुण दिले. राम-सीतेला तरी किती होते कोण जाणे.

दिपमाला दारात उभी राहून बघत होती. मग मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. अर्धा तास कुणाशी तरी बोलत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

नोंद शांतपणे करतो.

नवलराव साडेदहाला आले. त्यांना बघून दिपमालाच्या हातातली पाण्याची कळशी पडली. धक्का होताच, पण आनंदाचा आहे हे तिला पटकन कळलं नसावं. आत जाऊन बसली. मी मुलीला हाक मारली. चार वेळा. मग आली.

१०.४० ला नारळ फोडला. नवलरावांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा आतून जळका वास आला.

नवलराव हसायला लागले. म्हणाले, नाना, तुमच्या घरचा मालच असा, कितीही ठोका, चालू म्हणून होत नाही. दिपमालाकडे बघून म्हणाले.

मीही हसलो. अशा वेळी वातावरण हलकं ठेवावं लागतं.

रॅमची हकीकत ऐकून ते म्हणाले, दोन सुतांची खाच कानशीने घासणारा तुमच्यासारखा माणूस नाही पाहिला. मला थोडं लागलं. मी म्हटलं, जावईबापू, खाचेचं काय घेऊन बसलात, तुमच्या लग्नात मी चाळीस मिनिटं घासली आहेत! आणि सगळं सविस्तर सांगितलं. सतराचे एकतीस कसे झाले ते. दाद मिळेल वाटलं होतं.

नवलरावांचं हसणं थांबलं.

दिपमालाने एवढंच विचारलं, मग माझी खरी वेळ काय? म्हटलं, पहाटे चार पंचवीस. तिने मान हलवली. चहाचे कप उचलून मोरीत नेले आणि घासायला बसली. चहा अजून ओतलाच नव्हता, तरी बराच वेळ घासत होती.

कमलबाईने नवलरावांना, हाई दार शे, असं सांगितलं. जावयाशी बोलायची ही पद्धत नाही. ते गेले.

बिघाड किरकोळ असावा. बहुतेक वायर.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.५०

दिपमाला पहिल्या बसने गेली. कुठे, ते कमलबाईला माहीत आहे. मला सांगत नाही. मी आज वायर बदलणार होतो. दहापर्यंत सहज झालं असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चाचणी तिने हुमाच्या दुकानातल्या मशीनवर दिली. मशीन दिपमालाचंच आहे असं हुमाने नाशिकला सांगितलं. खोटेपणा मला आवडत नाही.

नोकरी मिळाली. म्हणजे मी सुरुवात करून दिली नसती तर विषय निघालाच नसता.

युसूफभाईंना फोन केला. मशीन उघडून बघा म्हटलं, पाठवतो. हुमाने फोन घेतला. काका, दिपमालाने फोटो दाखवले, पिना सपाट झाल्या आहेत, आता काही होणार नाही, म्हणाली. मी विचारलं, दोघांपैकी चूक कुणाची? प्रोसेसरची की बोर्डाची?

फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

३० नोव्हेंबर, रविवार

दिपमाला कपडे न्यायला आली. जळगावला हुमाच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत खोली घेतली आहे. मशीन हुमाने जोडून दिलं, पगारातून फेडायचं. मी विचारलं, मुहूर्त बघितला का? ती म्हणाली, नाना, बटण दाबलं, चालू झालं.

वकिलाकडेही जाऊन आली आहे. मी समजावलं की अजून एक बैठक घेऊ, माझ्यावर सोड. ती वाकून पाया पडली आणि निघाली. संस्कार चांगले आहेत. मागे वळून बघितलं नाही, घाई असेल.

२ डिसेंबर, मंगळवार

सावद्याच्या लोकांनी फाइल परत मागितली. पत्रिका दुसऱ्याला दाखवायची आहे म्हणे. नवलराव शिरपूरभर बोलत सुटलेत. दिवसभरात आणखी तिघांचे फोन. सगळ्यांचा एकच प्रश्न, आमच्या मुलीची वेळ खरी होती ना?

खरं सांगायचं तर सगळ्यांच्या लक्षात नाहीत.

४ डिसेंबर, गुरुवार. दुपारी २

कमलबाई सकाळी जळगावला गेली. पोरीची खोली लावून द्यायला. चार दिवस ना, असं मीच विचारलं, ती हूं म्हणाली.

रिक्षात बसताना म्हणाली, मन्हं लगीन बी असंच जमाडेल व्हतं. मी म्हटलं, असंच कसं, आपले चांगले चौतीस गुण होते, माझ्या वडिलांनी स्वतः जुळवले. ती म्हणाली, तेच सांगी राहिनू.

दुपारी भात पातेल्यात लावला. खालून करपला, वरून कच्चा. कुकर सापडला नाही. पाटा-वरवंटाही जागेवर नाही. तिची लोखंडी ट्रंक नाही. चार दिवसांसाठी पाटा-वरवंटा रिक्षात घालून कोण नेतं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी तो स्वतः उचलून दिला.