लोण्याच्या जागी

लातूर, १८ एप्रिल, संध्याकाळ

सुटले एकदाची! अडीच किलो उतरले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन सध्या नको, असंच चालू ठेवा.

तीन महिन्यांपूर्वी मोठ्या निर्धाराने भाकरीवरचं लोणी बंद केलं आणि त्या जागी शेंगदाण्याची चटणी घेतली, वर तेलाची धार. वजन उलट वाढलं. स्वयंपाकाला येणाऱ्या शांताबाई हसल्या, "काकू, लोणी सोडलं म्हणता अन् तेल वाटीनं वतून घेता. गुडघ्याला काय कळतंय, लोणी हाय का तेल?"

मग त्यांनीच साय काढलेल्या दुधाचं दही फडक्यात टांगलं. चक्क्यात लसूण, जिरं, मीठ घातलं. गळलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ मळलं. टँकर आठ दिवसांनी येतो, टाकणार कसं?

लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात रविवारी सिस्टर पावाला अगदी कोपऱ्यापर्यंत लोणी लावायच्या. मीही चक्का भाकरीच्या कडेपर्यंत पसरते. चव तशी आहे का? नाही, खोटं कशाला लिहू? लोणी ते लोणीच. पण आज दवाखान्याच्या पायऱ्या कठडा न धरता उतरले. खाली आल्यावर लक्षात आलं, आणि उगीचच पुन्हा दोन पायऱ्या चढून उतरले.